बत्तीस की अडतीस?

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप जमतात. कुवेतमध्ये दारं-खिडक्या कितीही घट्ट लावून घ्या, संध्याकाळी टेबलावर बोट फिरवलं की वाळू निघतेच. तसंच आहे हे. त्यात मी तरुणपणी अशा दुकानात नोकरी केली, जिथं आलेला माणूस आपल्या भीतीची गोष्ट सांगितल्याशिवाय खरेदीच करायचा नाही. पिस्तुलांच्या दुकानात!

परवा अब्बासियात लेकाकडे जेवायला गेलो होतो. नातवानं ताटावरच विचारलं, "दादा, पापा सेज यू सोल्ड गन्स! वर यू अ गँगस्टर?"

मी म्हटलं, "नाही रे राजा, मी सेल्समन होतो."

पोराचा चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं! मग त्याच्यासाठी एकेक आठवायला बसलो. त्याला निम्मंच कळलं. म्हटलं, तुम्हाला तरी सांगावं.

पंचावन्न-छपन्नचा सुमार असेल. मी दाभोळहून मुंबईला आलो आणि मुंबईहून बोटीनं कुवेतला. आईचा मामेभाऊ दाऊदचाचा आधीपासून इथं होता, त्यानंच बोलावलं. बोटीवरून उतरेपर्यंत त्यानं सांगितलं नव्हतं की दुकान कसलं आहे. पत्रात लिहिलं होतं, "हार्डवेअरचं." आता तसं बघितलं तर खोटं नाही!

जुन्या शहरातल्या बाजारात, छपराच्या गल्लीत ते दुकान. पुढं शिकारीच्या बंदुका, आत काचेच्या कपाटात पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर. मालकाचं नाव अबू सालेम. आम्ही त्याला अरबाब म्हणायचो, म्हणजे आपल्याकडे शेठ म्हणतात तसं. तरुणपणी खजूर घेऊन तो कितीदा तरी मुंबईला गेला होता, त्यामुळं हिंदुस्तानी फर्मास बोलायचा. आमचं बोलणं हिंदुस्तानी-अरबी खिचडीत चालायचं. तुम्हाला मराठीत सांगतो.

गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच: "खिशात ठेवायला कुठलं घेऊ?" बावीस, पंचवीस, बत्तीस, अडतीस, पंचेचाळीस असे आकडे. आकडा मोठा तितकी गोळी जाड. आणि गोळी जाड तितकं हत्यार जड. या दोन वाक्यांवर आमचा सगळा धंदा!

*

माझा पहिलाच दिवस. धान्याचा एक व्यापारी आला. देह भरपूर, आवाज त्याहून भरपूर. म्हणाला, "सगळ्यात मोठं दाखव."

दाऊदचाचानं पंचेचाळीसचं काढून दिलं. व्यापाऱ्यानं ते तोललं, खूश झाला आणि दिशदाशाच्या बाजूच्या खिशात सोडून दिलं. उन्हाळ्याचे दिवस. दिशदाशा म्हणजे तो पायघोळ पांढरा अंगरखा, आणि उन्हाळ्यातला तो इतका तलम की पिस्तुलावरचा नंबर बाहेरून वाचता यावा! शिवाय वजनानं खिसा गुडघ्यापर्यंत ओघळला. गळा एका बाजूला ओढला गेला. गृहस्थ तिरके होऊन आरशात बघतायत.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

अबू सालेम गादीवरून म्हणाला, "पिस्तूल दिसतंय. तू दिसत नाहीस."

शेवटी बत्तीसचं छोटं घेऊन गेले. जाताना सरळ चालत होते.

*

तेलाच्या गावातून, अहमदीहून, एक इंग्रज इंजिनिअर यायचा. त्याला खरेदी कमी आणि चर्चा जास्त लागायची. एकदा त्याची आणि एका मोत्यांच्या दलालाची जुंपली. दलालाचं म्हणणं, बारीक गोळी बरी, हलकं हत्यार सतत जवळ राहतं. इंजिनिअर म्हणाला, जवळ राहून उपयोग काय? माणूस थांबला पाहिजे! "स्टॉपिंग पॉवर, मिस्टर, स्टॉपिंग पॉवर! पंचेचाळीसची एक लागली की कसाही चालून आलेला माणूस जागच्या जागी बसतो!"

अबू सालेमनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मला खूण केली. मी कमरेत बारीक असलेले ते छोटे पेले भरून चहा आणला. भांडता भांडता दोघांनी हात पुढं केले, पेले घेतले आणि बाकावर टेकले.

"बघ," अबू सालेम इंजिनिअरला म्हणाला, "बसलास ना?"

*

दाऊदचाचानं आयुष्यात किती पिस्तुलं विकली असतील, देव जाणे. पण स्वतः एकदाही चाप ओढला नाही. दूर कुठं बार वाजला तरी कानावर हात! मी एकदा म्हटलं, "चाचा, लोकांना छातीठोक सांगता, हे घ्या, ते घ्या. आणि स्वतः?"

"अरे मेल्या," चाचा म्हणाला, "कोळणीला पोहता यायलाच पाहिजे का?"

*

एकदा एक बाई आल्या. काळ्या पायघोळ अबायात, बरोबर म्हातारा दीर. तेव्हा बायका आमच्या गल्लीत फारशा फिरकायच्या नाहीत. नवरा खजुराच्या बागा बघायला बसऱ्याला जायचा, महिना-महिना यायचा नाही. घर वस्तीच्या अगदी टोकाला, दाराबाहेर वाळवंट. दोनदा कुणीतरी कडी हलवून गेलं होतं.

दाऊदचाचानं अदबीनं पंचवीसचं पुढं केलं. शिंपल्याच्या मुठीचं, तळहातात मावणारं, दागिन्यासारखं सुरेख. म्हणाला, "बायकांसाठी हेच नेतात."

बाईंनी ते उचललंसुद्धा नाही. कपाटातल्या अडतीसच्या रिव्हॉल्वरकडे बोट केलं. काळं, बोजड, ओबडधोबड. मी काढून दिलं. त्यांनी ते एका हातात असं धरलं, की कळलं, या मनगटांनी पाण्याचे डबे वाहिले आहेत.

"पण एवढं मोठं कशाला?" दीर पुटपुटला. "चोर तर त्या छोट्यालाही भिईल."

"चोराचं कोण बोलतंय?" बाई म्हणाल्या. "घरात चार मुलं आहेत. ते छोटं बघितलं तर खेळायला घेतील. हे बघून एकाची तरी हात लावायची हिंमत होते का बघू!"

अबू सालेम गादीवरून उठून उभा राहिला. गिऱ्हाइकासाठी तो सहसा उठत नसे. म्हणाला, "बेटी, तरीही कुलपात ठेव."

"ते तर ठेवणारच," बाई म्हणाल्या. "मी आई आहे, वेडी नाही."

*

आम्ही राहायचो मुरगाबमध्ये, एका खोलीत चौघं. चूल एक, पंखा एक. गावाहून कुणी आलं की सुकटीचं पुडकं यायचं. मग ज्या दिवशी सुकट भाजली जायची त्या दिवशी आसपासच्या तीन गल्ल्यांना कळायचं की दाभोळवाल्यांच्या घरी पत्र आलंय! उन्हाळ्यात गच्चीवर चादर ओली करून अंगावर घ्यायची आणि तेवढ्यात झोप लागली तर लागली. त्या गच्चीवर ज्या गप्पा झाल्या, तशा नंतर एसीच्या खोलीत कधी झाल्या नाहीत. खरं सांगतो.

तिघं आम्ही दाभोळचे, चौथा माणूस कुलकर्णी. पुण्याचा. एका कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समन. कामाला त्याला अबू हलीफा गावाच्या बाजूला जावं लागायचं. तेव्हा तिथं किनाऱ्यावर थोडी घरं, खजुराची झाडं आणि मध्ये उघडा रस्ता. त्या रस्त्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी. कुलकर्ण्यानं ठरवलं, पिस्तूल घ्यायचं.

तो दुकानात आला आणि बत्तीस की अडतीस यावर जो बसला, तो महिनाभर उठेना! रोज संध्याकाळी हजर. बत्तीसचा धक्का किती? अडतीसचा आवाज किती? कुत्रा पळत असेल तर कुठली, उभा असेल तर कुठली? कुत्री तीन असतील तर? दाऊदचाचा त्याला बघितलं की मागच्या दारानं नमाजला निघून जायचा. नमाजाची वेळ नसली तरी!

एक दिवस कुलकर्णी म्हणाला, "समजा, मी गोळी झाडली आणि लागलीच नाही, तर माल परत घेणार का?"

"घेऊ की," चाचा म्हणाला. "पण लागली नाही तर परत आणून देणार कोण?"

शेवटी कुलकर्ण्यानं काय घेतलं माहीत आहे? पाच सेलची बॅटरी! शेजारच्या दुकानातून! म्हणाला, "डोळ्यांवर झोत टाकला की कुत्रं पळतं. आणि नेम धरावा लागत नाही."

*

पण त्याआधी एका शुक्रवारी आम्ही त्याला शहराच्या भिंतीबाहेर घेऊन गेलो होतो. "एकदा उडवून तर बघ," म्हणून. घासलेटचे रिकामे डबे बरोबर घेतले आणि वाळूच्या उंचवट्यासमोर ओळीनं मांडले. मी, कुलकर्णी आणि कानात कापूस घालून दाऊदचाचा.

बत्तीसनं डब्याला काही झालं नाही. अडतीसनं वाळूला झालं. मग कुलकर्णी म्हणाला, आता पंचेचाळीस. त्यानं दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि चाप ओढला. आवाज झाला तेव्हा डबे उभे होते आणि कुलकर्णी बसला होता. चष्मा वाळूत!

चष्मा शोधून दिला आणि मग मी मन लावून मारायला लागलो. तीन डबे पाडले. छाती फुगली. तेवढ्यात पलीकडच्या तंबूतून वाळवंटातली एक बदावी म्हातारी तरातरा आली. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. हिच्या शेळ्या बिथरल्या असणार.

म्हातारीनं पडलेला डबा उचलला, भोकातून आरपार आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला नको असतील तर चांगले असतानाच द्यायचे ना! आता मी पाणी कशात भरू?"

उरलेले डबे आम्ही तिच्या तंबूपर्यंत वाहून दिले. तिनं आम्हाला उंटिणीचं दूध पाजलं. ते पिऊन कुलकर्ण्याला पुढे दोन दिवस जे झालं, तो किस्सा मी जेवायच्या वेळी सांगत नाही.

*

एक म्हातारा नाखुदा होता. गलबताचा कप्तान. मोत्यांचा धंदा संपला, गलबतं किनाऱ्यावर आडवी झाली, तरी हा रोज सकाळी पाण्यापर्यंत जाऊन यायचा. मी दाभोळचा म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "दाभोळची खाडी! आत शिरताना डाव्या हाताला टेकडी आहे ना?" मला माझ्या गावची टेकडी कुवेतमधल्या माणसानं दाखवली! मला पाठ फिरवून कपाट पुसावं लागलं.

हा एकदा कमरेचं जुनं पिस्तूल घेऊन आला. म्हणाला, गोळ्या दे. त्याची नळी कुठल्याच आकड्यात बसेना. बत्तीस सैल, अडतीस जाईना. दाऊदचाचानं जाडजूड कॅटलॉग चाळले. ती गोळी बनायची कधीच बंद झाली होती.

मी म्हटलं, "नाखुदा, गोळीच मिळत नाही, मग हे ओझं कमरेला कशाला?"

"अरे पोरा, तीस वर्षं समुद्रावर हेच होतं कमरेला," तो म्हणाला. "एकदा खलाशी बिथरले, तेव्हा हेच दाखवून गलबत घरी आणलं."

"तेव्हा गोळ्या होत्या ना पण?"

"तेव्हा कुठं होत्या!" नाखुदा म्हणाला. "आता म्हातारपणी सहज वाटलं, बघावं तरी कशा असतात!"

*

पुढं रस्ते रुंद झाले, शहराची भिंत पडली, परवान्याचे कायदे आले. अबू सालेमनं पिस्तुलं काढून टाकली आणि मासेमारीची जाळी, गळ, दोर ठेवायला सुरुवात केली. दाऊदचाचा गावी गेला. आज ती गल्ली शोधायला गेलात तर काचेच्या इमारती सापडतील. पण एक दुपार मी अजून विसरलेलो नाही.

तिसऱ्या प्रहराची नमाज झाली होती, बाजार नुकता उघडत होता. राशिद नावाचा तरुण आत आला. आम्ही त्याला ओळखायचो. तो तेलाच्या कॅम्पवर लॉरी चालवायचा. त्याचा थोरला भाऊ हमद आमचं जुनं गिऱ्हाईक, हिवाळ्यात शिकारीची काडतुसं न्यायचा. राशिद आला, पण सलाम केला नाही. कुवेतमध्ये सलाम न करता माणूस आत येतो, तेव्हा समजायचं की तो शुद्धीवर नाही.

"रिव्हॉल्वर पाहिजे. आत्ता."

"कुठलं?" दाऊदचाचानं सवयीनं विचारलं.

"कुठलंही. माणूस मरेल असं."

चाचाच्या हातातलं फडकं खाली पडलं. अबू सालेम म्हणाला, "बस, राशिद. कोण माणूस?"

"हमद."

"तुझा भाऊ?"

"त्यानं बापाचं गलबत मोडलं!" राशिदचा आवाज फाटला. "मला न विचारता! मी कॅम्पवरून आलो, किनाऱ्यावर गेलो, तर नुसता कणा पडलाय वाळूत. फळ्या विकून मोकळा झाला. ज्या गलबतावर माझ्या बापानं जीव सोडला, त्याचं जळण केलं, अबू सालेम!"

"घरी जा. उद्या ये."

"तू देत नसशील तर शेजारचा देईल. गल्लीत दुकानं काय कमी आहेत?"

अबू सालेमनं हातातली माळ गादीवर ठेवली. मग उठला. कपाट उघडून बत्तीसचं रिव्हॉल्वर काढलं. मला हात लावू दिला नाही. स्वतः फळीपाशी गेला, गोळ्यांची डबी काढली, दोन्ही वस्तू कागदात गुंडाळल्या आणि वरून सुतळी बांधली. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ.

डबी कागदात जाताना मी बघितली. अडतीसची होती.

जाड गोळी बारीक घरात जाणार कशी? मी तोंड उघडलं, "अरबाब, ती तर..."

दाऊदचाचानं माझ्या पायावर असा पाय दिला, की अंगठ्याचं नख पुढं काळं पडून गळालं.

राशिद पुडकं घेऊन गेला. अबू सालेमनं त्या दिवशी लवकर दुकान बंद केलं.  खोलीवर आल्यावर चाचानं जेवण रांधलं, पण वाढून घ्यायचं विसरला. मीही तसाच पडलो.

सकाळी दुकान उघडतोय, तर समोरून दोघं भाऊ येताना दिसले. पुढं हमद, मागं मान खाली घालून राशिद. हमदच्या हातात पुडकं. त्यानं ते काउंटरवर आपटलं.

"अबू सालेम, लाज वाटत नाही तुला? माझ्या धाकट्या भावाला फसवलंस? रिव्हॉल्वर बत्तीसचं आणि गोळ्या अडतीसच्या! बिचारा माझ्या दारात उभा राहून कधीचा खटपट करतोय, एक गोळी आत जाईल तर शपथ! निम्म्या वाळूत सांडल्या. शेवटी मीच बाहेर येऊन डबी बघितली, त्याला दाखवलं की बाबा, ही याची नाहीच, तुला..."

आणि हमद थांबला. आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच तेव्हा ऐकू आलं. तो मटकन स्टुलावर बसला.

अबू सालेमनं मला चहाची खूण केली.

"वाळवी लागली होती रे गलबताला," तो राशिदकडे न बघता म्हणाला. "तळ गेला होता. तुला सांगितलं असतं तर तू मोडू दिलं नसतंस. आणि रोज त्याला तसं कुजताना मी बघायचं."

 राशिदच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हमदनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक त्याच्यापुढं धरलं.

अबू सालेमनं पुडकं जवळ ओढलं. "म्हातारा झालो," तो म्हणाला. "जवळचं दिसत नाही आता. गोळ्या बदलून देऊ?"

"नको!" दोघं भाऊ एकदम म्हणाले.

चहा पिऊन ते गेले. अबू सालेमनं वर्तमानपत्र उघडलं आणि बिनचष्म्याचा, बारीक अक्षरातल्या बातम्या वाचायला लागला. मी फळीपाशी गेलो. बत्तीसच्या आणि अडतीसच्या डब्या शेजारी शेजारी, एकसारख्या दिसणाऱ्या. म्हटलं, पुन्हा घोटाळा नको, अडतीसच्या त्या टोकाला ठेवाव्यात. चार डब्या उचलल्या असतील.

"राहू दे," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "तिथंच राहू दे."